व्यसनातून बाहेर आलेल्याने व्यसनमुक्तीचेच काम करावे का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. दारू सुटून आपल्याला दोन वर्षे होत आली आहेत. ज्या केंद्रात आपण उपचार घेतले, त्याच केंद्राने आपल्याला सहायक म्हणून मानधनावर काम करण्यास बोलावले आहे. दिवसभर दारूच्याच गोष्टी ऐकून पुन्हा ओढ लागेल, अशी आपल्या पत्नीला धास्ती वाटते. याउलट, लोकांना मदत करत राहिलो तर आपण स्वतः अधिक सुरक्षित राहू, असे आपल्याला वाटते. यांत खरे काय, आणि काम स्वीकारल्यास कोणती पथ्ये पाळावीत?

दोघांचेही म्हणणे खरे आहे, पण ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल खरे आहे. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाला आपल्या गरजेपोटी, कोणतेही पद न घेता केलेली मदत ही एक गोष्ट. आणि हजेरी, नोंदवही, वरिष्ठ व महिन्याचे मानधन असलेले काम ही दुसरी. पहिली आपल्या उपचाराचा भाग आहे, दुसरी नोकरी आहे. माझे उत्तर ‘काम स्वीकारावे’ असेच आहे, मात्र एका अटीवर: या कामाचा एकही तास आपण स्वतःच्या व्यसनमुक्तीच्या खात्यात जमा धरू नये. मी स्वतः व्यसनातून गेलेलो नाही. व्यसनोपचार करताना आणि आपल्यासारख्या सहायकांच्या कामावर देखरेख ठेवताना जे पाहत आलो, त्यावरून हे लिहीत आहे.

मदत करणाराच आधी सावरतो, हा अनुभव स्वमदत गटांच्या, म्हणजे व्यसनग्रस्तांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटांच्या, मुळाशीच आहे. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हे शेअर बाजाराशी संबंधित गृहस्थ एका व्यवहारासाठी अमेरिकेतील ॲक्रन शहरात गेले होते. त्यांना दारू सोडून तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला, हॉटेलात एकटे असताना ओढ लागली, आणि त्यांनी फोन करकरून बोलायला दुसरा एखादा दारूग्रस्त माणूस शोधला. त्या खटपटीतून त्यांची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. १० जून १९३५ हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या घोटाचा दिवस मानला जातो आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारूग्रस्तांच्या स्वमदत संघटनेचा स्थापनादिन धरतात. या घटनेआधीचे महिने मला अधिक बोलके वाटतात. त्या काळात विल्सन यांनी अनेकांची दारू सोडवण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यांपैकी एकाचीही सुटली नव्हती. पण स्वतः विल्सन मात्र प्यायले नव्हते. त्यांच्यावर उपचार केलेले डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांना उपदेश आवरता घेण्याचा सल्ला दिला होता. डॉ. बॉब यांच्यासमोर ते बसले, ते ‘मला तुमची गरज आहे’ असे सांगणारा माणूस म्हणून. आपण ज्या सुरक्षिततेबद्दल लिहिले आहे ती याच प्रकारच्या भेटीतून येते, आणि अशी भेट पदाच्या खुर्चीत बसून होत नाही.

संशोधनाचा कौलही साधारण याच दिशेचा आहे. फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये ‘मदत करणाऱ्यालाच उपचाराचा लाभ होतो’ हे तत्त्व मांडले. पुढे अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट मॅच’ या दारूच्या उपचारांवरील मोठ्या अभ्यासातील सतराशेहून अधिक रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार संपताना जे इतर व्यसनग्रस्तांना मदत करत होते, त्यांपैकी सुमारे ४० टक्के पुढील वर्षभर प्यायले नाहीत. मदत न करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. आकडे आशादायक आहेत, पण ते जपून वाचावेत. ज्याची गाडी मुळातच रुळावर आली आहे तोच मदतीला पुढे येण्याची शक्यता जास्त असते, त्यामुळे संपूर्ण श्रेय मदतीला देता येत नाही. आणि तेथे मोजली गेलेली मदत ही नोकरी नव्हती, हे तर आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे.

मानधन आले की काय बदलते? पैसे घेणे गैर आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. कुशल कामाचे पैसे मिळालेच पाहिजेत. बदलते ते मोकळेपण. केंद्रातील सकाळची मीटिंग, म्हणजे एकत्र बसून अनुभव सांगण्याची (शेअरिंगची) बैठक, आपण चालवाल, तेव्हा ती आपली मीटिंग नसते. समोर बसलेल्यांपैकी कोणाचे हात थरथरत आहेत, कोण उठून जाण्याच्या बेतात आहे, कोणाचे शेअरिंग फार लांबले आहे, याकडे आपले लक्ष असते, आणि ते असायलाच हवे. ‘काल संध्याकाळी मला भयंकर ओढ लागली होती’ हे वाक्य त्या वर्तुळात आपण उच्चारू शकत नाही, कारण ते ऐकून रुग्ण घाबरतील आणि वरिष्ठ टिपून ठेवतील. त्यामुळे ते वाक्य मनातच राहते. असे बरेच दिवस चालले की माणूस रोज आठ तास व्यसनमुक्तीच्या वातावरणात राहूनही स्वतः एकाकी असतो. मी पाहिलेल्या सहायकांपैकी जे पुन्हा घसरले, त्यांच्यात ‘दारूच्या गोष्टी ऐकून मोह झाला’ असे फार थोडे होते. बहुतेकांनी ‘दिवसभर तेच तर करतो’ असे म्हणत काम सुरू झाल्यावर काही महिन्यांत स्वतःच्या मीटिंगला जाणे सोडलेले होते. पत्नीची भीती योग्य आहे, फक्त धोका तिला वाटतो त्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतो.

म्हणून पहिले पथ्य असे की, आपल्याला कोणीही ‘सर’ म्हणून ओळखत नाही अशा गटात आपली नियमित मीटिंग चालू राहावी आणि आपला स्पॉन्सर, म्हणजे गटातील आपला अनुभवी मार्गदर्शक, आपल्या कामाच्या ठिकाणचा नसावा. गटांचा उपयोग केवळ भावनिक आहे असेही नाही. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली गेली. रुग्णाला पद्धतशीरपणे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसशी जोडून देणारे उपचार अखंड मद्यमुक्तीच्या निकषावर इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. त्याच संघटनेच्या आठव्या परंपरेनुसार (गटांनी पाळायच्या तत्त्वांना तेथे ‘परंपरा’ म्हणतात) व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांपैकी बाराव्या पायरीचे काम, म्हणजे संदेश दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे, विनामोबदला असते. सेवाकेंद्रांना मात्र पगारी माणसे नेमता येतात. ही विभागणी ज्यांनी केली त्यांना या दोन भूमिकांची सरमिसळ कशी होते हे चांगले ठाऊक असावे. आपण महिन्यातून काही वेळा तरी असे काम करावे, ज्याची नोंद कोणत्याही रजिस्टरमध्ये होत नाही.

आता त्याच केंद्राचा प्रश्न. मला हा भाग थोडा अडचणीचा वाटतो. ज्या समुपदेशकासमोर आपण रडला असाल, घरातील गोष्टी उघड केल्या असतील, तीच व्यक्ती आता आपल्या कामाचे मूल्यमापन करणार. उद्या मन डगमगले तर आपण कोणाकडे जाल? नोकरी देणाऱ्याला आपली कमजोरी सांगणे भल्याभल्यांना जमत नाही. शक्य असेल तर काम दुसऱ्या केंद्रात पाहावे. ते शक्य नसेल तर रुजू होण्यापूर्वी स्वतःसाठी बाहेरचा समुपदेशक ठरवावा आणि केंद्राला तसे स्पष्ट सांगावे. आपली जुनी फाइल सहकाऱ्यांच्या हाती पडणार नाही, याचीही खात्री करून घ्यावी. ही मागणी करताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

किती वर्षांनी हे काम सुरू करावे, याचा नेमका आकडा कोणी देऊ शकत नाही. मी स्वतः दोन वर्षांच्या आत कोणाला जबाबदारीचे काम देत नाही, पण वर्षांपेक्षा मी वेगळेच विचारतो. दारू सुटल्यानंतर घरात एखादे मोठे संकट आले का, आणि ते न पिता पार पडले का? झोप लागते का? ज्याच्यावर राग आहे, त्याच्याशी बोलता येते का? आणि हे काम मिळाले नाही तर आपण मोडून पडाल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर थांबावे. ज्याच्याकडे या कामाशिवाय दुसरी ओळखच उरलेली नाही, त्याला रुग्णाचे अपयश स्वतःचे वाटू लागते.

रुजू झाल्यावर आपली सर्वांत मोठी ठेव म्हणजे आपला अनुभव, आणि सर्वांत अधिक संयमही तिच्याच बाबतीत लागतो. नवा रुग्ण डॉक्टरांकडे संशयाने पाहतो. ‘यांना काय कळणार’ हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. आपण ‘मी या पलंगावर झोपलो आहे’ असे एकदा म्हणालात की जो दरवाजा उघडतो, तो उघडायला आम्हाला आठवडे लागतात. पण दरवाजा उघडल्यावर बोलायचे आहे ते त्याने. आपली कहाणी दोन-तीन वाक्यांत सांगावी, त्या क्षणी त्याला ज्या गोष्टीचा उपयोग आहे तेवढीच सांगावी, आणि लगेच त्याच्याकडे वळावे. सहायकांच्या संभाषणावर देखरेख ठेवताना मी एकच प्रश्न विचारतो: ही गोष्ट सांगितल्याने कोणाला बरे वाटले, त्याला की तुम्हाला? सांगणाऱ्याला बरे वाटले असेल तर ती गोष्ट स्वतःच्या गटात सांगायची होती. आपली दारू ज्या वाटेने सुटली तीच एकमेव वाट आहे, हा समज तर फारच चिवट असतो. आपल्याला प्रार्थनेने बळ दिले असेल, समोरचा नास्तिक असेल. आपल्याला कडक बोलण्याने जाग आली असेल, समोरच्याला तेच बोलणे वडिलांच्या माराची आठवण करून देत असेल.

कडक बोलण्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण व्यसनातून बाहेर आलेल्या कार्यकर्त्यांत ‘सोंग ओळखून तोंडावर सांगणे’ हा गुण मानला जातो. आपण ती सगळी सोंगे स्वतः केलेली असल्यामुळे ती चटकन ओळखू येतात, हे खरे. पण विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, उपचारक जितका अधिक वाद घालून रुग्णाला कोंडीत पकडत होता, तितके त्या रुग्णाचे वर्षभरानंतरचे पिणे अधिक होते. खोटे ओळखावे, मनात ठेवावे, आणि रुग्णाला स्वतःच्या तोंडून खरे बोलण्याची जागा द्यावी. यात भिडस्तपणा नाही; वाद जिंकण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

औषधांच्या बाबतीत मी आपल्याला कसलीही मोकळीक देणार नाही. ‘मी गोळीशिवाय राहिलो, तुम्हीही राहा’ हे वाक्य कोणत्याही सहायकाने उच्चारू नये. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम आणि अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. आणि ४८ ते ९६ तासांच्या सुमारास भ्रम, भास व तीव्र ज्वर असलेली जी अवस्था काहींना गाठते ती जीवघेणी ठरू शकते. अशा माणसाला घरी थांबवून धीर देत बसणे धोक्याचे आहे. त्याला डॉक्टरांकडे पोहोचवणे एवढेच आपले त्या क्षणीचे काम. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात त्यांच्याऐवजी दिली जाणारी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत. ती घेणारा माणूस ‘अजून नशेतच आहे’ असे हिणवले गेले, तर तो औषध सोडतो. मधल्या काळात त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि नशेच्या पदार्थाचा पूर्वीचाच डोस आता प्राणघातक ठरू शकतो. वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून सुटलेल्या लोकांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसामान्य लोकसंख्येच्या १२ पटींहून अधिक आढळला, आणि त्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण मादक पदार्थांचा अतिडोस हे होते. काही काळ सक्तीने किंवा स्वेच्छेने दूर राहिलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगणे, हे व्याख्यानांपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

मर्यादांचे नियम थोडेच आहेत आणि ते रुजू होतानाच ठरवावेत. रुग्णाला उसने पैसे देऊ नयेत आणि त्याच्याकडून घेऊ नयेत. रात्रीचे फोन कोणी, किती वाजेपर्यंत घ्यायचे ते केंद्राने ठरवावे. रात्री दोन वाजता बारमधून आलेल्या फोनला उत्तर म्हणून एकट्याने तेथे जाणे हे शौर्य मानू नये. एका रुग्णाची गोष्ट दुसऱ्या रुग्णाला, किंवा त्याच्या नातेवाइकांना, त्याच्या परवानगीवाचून कळता कामा नये. फक्त जिवाला धोका असेल तेव्हा वरिष्ठांना लगेच सांगावे, आणि असे करावे लागते हे रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. आणि गटांत जिला कुत्सितपणे ‘तेरावी पायरी’ म्हणतात, म्हणजे नव्याने आलेल्या, मनाने खचलेल्या व्यक्तीशी शारीरिक वा प्रेमसंबंध जोडणे, तिला कोणतीही सबब नाही.

या सगळ्यावर देखरेख का हवी, याचे एक टोकाचे उदाहरण इतिहासात आहे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडरिक यांनी सिनॅनॉन ही संस्था सुरू केली. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले होते आणि हेरॉइनच्या व्यसनींना कोणी दारात उभे करत नव्हते त्या काळात त्यांनी त्यांना आसरा दिला. ‘आम्हाला आमच्यातलाच माणूस ओळखतो, बाहेरच्या तज्ज्ञाची गरज नाही’ हा तिचा पाया होता, आणि एकमेकांवर शाब्दिक हल्ले चढवणारी सत्रे हे मुख्य साधन. काही वर्षांत ती एका व्यक्तीच्या शब्दावर चालणारा पंथ बनली. १९७८ मध्ये तिच्या सदस्यांनी विरोधी वकिलाच्या टपालपेटीत खुळखुळ्या साप ठेवला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस डेडरिक यांना अटक झाली तेव्हा ते दारूच्या नशेत होते. इतक्या टोकाला क्वचितच कोणी जाते. तरी ‘मी भोगले आहे म्हणून माझेच खरे’ हा सूर सुरुवातीला किती साधा आणि प्रामाणिक वाटतो, ते यातून दिसते. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी आपले काम तपासेल, आपल्याला प्रश्न विचारेल, अशी व्यवस्था ज्या केंद्रात नाही तेथे हे काम स्वीकारू नये. रुजू होण्यापूर्वी एवढा एकच प्रश्न विचारलात तरी केंद्राविषयी पुष्कळ कळेल.

आपण ज्यांच्यासाठी झटाल त्यांपैकी अनेकजण पुन्हा पितील. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के सांगितले जाते, आणि उच्च रक्तदाब किंवा दमा असलेल्यांत उपचार मध्येच सुटण्याचे प्रमाणही याच सुमाराचे किंवा अधिक असते. काहीजण दगावतील. अशा दिवशी घरी जाण्यापूर्वी कोणाशी तरी बोलावे. त्या दिवशी मीटिंग चुकवू नये.

राहिला आपल्या स्वतःच्या घसरणीचा प्रश्न, जो कोणी उघडपणे विचारत नाही. तो करारातच असावा. पुन्हा प्यायलो तर चोवीस तासांत कोणाला सांगायचे, रुग्णांशी संपर्क किती काळ थांबेल, त्या काळात मानधनाचे काय, आणि परत येण्याच्या अटी कोणत्या, हे लेखी ठरलेले असेल तर माणूस लपवत नाही. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी दाखवून दिले होते की, एका घोटानंतर ‘आता सगळेच संपले’ ही अपराधी भावनाच पुढचे पिणे वाढवते. सहायकाच्या बाबतीत ही भावना दुप्पट असते, कारण त्याने शेकडो लोकांसमोर आपले नाव आणि आपली वर्षे सांगितलेली असतात. नोकरी जाईल या धाकापोटी लपवलेला एक पेला नोकरीपेक्षा फार मोठे नुकसान करून जातो.

आपल्या पत्नीला या निर्णयात प्रत्यक्ष स्थान द्यावे, असे मी सुचवेन. आपल्या पूर्वीच्या घसरणीआधीची चिन्हे आपल्यापेक्षा त्यांनीच अधिक पाहिली असतील: जेवण टाळणे, चिडचिड, फोन घेऊन बाहेर जाणे, मीटिंगचा दिवस विसरणे. ती त्यांच्याकडून लिहून घ्यावीत, आणि ती दिसल्यास त्यांनी आपल्याशी वाद न घालता थेट कोणाला कळवायचे, तो एक माणूस दोघांनी मिळून ठरवावा. केंद्राचा प्रमुख त्यासाठी योग्य नाही. स्पॉन्सर किंवा बाहेरचा समुपदेशक असावा. पहिले सहा महिने अर्धवेळ काम घ्यावे, रात्रपाळी घेऊ नये, आणि सहा महिन्यांनी पत्नी, आपला समुपदेशक आणि आपण असे तिघांनी बसून पुढचे ठरवावे. केंद्राला ही मुदत मान्य नसेल, तर निमंत्रण नाकारून सध्याच्याच गटात नव्याने येणाऱ्यांच्या शेजारी बसण्याचे काम चालू ठेवावे. आपण लिहिलेली सुरक्षितता तेथेही मिळते.